भागरतेची करपा

त्या वर्षी हरबाजी महाराजांनी चातुर्मासासाठी वैनगंगेकाठचं चिचटोला गाव निवडलं होतं. गावाबाहेर बोडी होती. बोडी म्हणजे धानाला पाणी देणारं लहानसं तळं. तिच्या पाळीवर मोहाच्या झाडाखाली महाराज बसायचे. अंगावर एक कांबळं, हातात टाळ, आणि येईल त्याला पहिला प्रश्न, 'जेवलास का बाबा?' धन्य ते गाव! पण पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. चिचटोल्याला महाराज कळायला फार वेळ लागला.

एक भागरता मात्र पहिल्या दिवसापासून ओळखून होती. नवरा गेलेला, घरात आंधळी सासू, आणि पोटाला बोडीलगतची एकच बांधी, म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा. रोज ती महाराजांना वाटीभर पेज आणून द्यायची. बिचारीची जीभ जड होती. महाराज विचारत, 'कशी आहेस माय?' ती हात जोडून म्हणायची, 'महाराजाची करपा हाय जी.'

कृपा म्हणायचं होतं हो तिला! पण धान पिकवणाऱ्या गावात करपा म्हणजे काय, ते सांगायला नको. पान करपवून उभं पीक खाणारा रोग! ऐकणारे पोट धरधरून हसत. सगळ्यांत मोठ्यानं हसत डोमाजी पाटील. दूरदेशीचं बारीक धान लावणारा, शंभर माणसांत मिशीला पीळ देणारा गृहस्थ. भर रस्त्यात तिला उभी करून 'कृ-पा म्हण, कृ-पा' असा धडा द्यायचे. ती घामाघूम होऊन पुन्हा करपाच म्हणायची. महाराजांपर्यंत हे गेलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "म्हणू दे रे तिला. देवाला ओठातलं नाही, पोटातलं ऐकू येतं."

आणि बघा, भाद्रपदात काय झालं! धान पोटरीवर आलेलं. वादळी पाऊस झाला, आणि पाठोपाठ पानांच्या कडा पिवळ्या पडू लागल्या. सकाळी पानांवर दुधासारखे थेंब दिसत, दुपारी ते वाळत, आणि पान पेंढ्यासारखं होई. कडाकरपा! बोडीचं पाणी एका बांधीतून दुसरीत उतरतं, त्या पाण्याबरोबर रोगही उतरत गेला. बोडीला लागून भागरतेची बांधी, म्हणून ती पहिली पिवळी झाली. झालं! पाटलांनी चावडीत हात आपटला, की या बाईनं सारा पावसाळा करपा करपा म्हणून हाका मारल्या, आता तो आला. भ्यालेल्या माणसाला दोष द्यायला कुणीतरी लागतंच. ठरलं असं, की तिची बांधी उपटून टाकायची आणि सासूसकट तिनं गाव सोडायचं.

भागरता पाळीवर आली. रडली नाही. म्हणाली, "माझ्या जिभेनं गाव मेलं का जी, महाराज?"

काय वाटलं असेल त्या माउलीला! महाराजांच्या डोळ्यांत पाणी तरारलं. टाळ उचलला आणि ते तिच्यापुढे चालू लागले.

बांधीवर गडी चिखलात उतरलेच होते. महाराज बांधावर उभे राहून म्हणाले, "उपटा रे. रोगट ठेवूच नका. पण जे हाताला येणार नाही, ते राहू द्या."

पाटील हसले. म्हणाले, धान काय बाभूळ आहे न उपटायला? गडीही हसले, आणि मऊ चिखलातून ठोंबामागून ठोंब निघू लागला. बांधी उघडी पडत गेली. भागरता पदर तोंडावर धरून उभी. आणि मधोमध एक ठोंब येईना! एका गड्यानं ओढला, दुसऱ्यानं कंबर वाकवली, चौघे झोंबले. नाही! पाटलांना राग आला. धोतर खोचून ते स्वतः उतरले, दोन्ही हातांनी ठोंब आवळला, ओठ चावून हिसका दिला, आणि पागोट्यासकट चिखलात आडवे झाले! ठोंबाचं एकही पान तुटलं नव्हतं. तेव्हा कुठं लोकांनी नीट पाहिलं. शेजारचे सगळे ठोंब पिवळे होते, आणि हा शेंड्यापर्यंत, अगदी कडेपर्यंत हिरवागार! बाप्पा रे! हसणारे गडी हात जोडून उभे राहिले. टाळ झणझणला.

"भागरते, ही बघ तुझी करपा," महाराज म्हणाले. मग गावाकडे वळले. "रोग हिच्या जिभेवरून नाही आला, पाण्यातून आला. पण रोगाच्या गर्दीत उभा राहणारा दाणा देवानं हिच्याच बांधीत ठेवला. हा खाऊ नका. पेरा."

तोंडावरचा चिखल पुसत पाटील पुटपुटले, की एका ठोंबावर काय गाव जेवणार? पण भागरतेला हाकलायचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

चातुर्मास सरला, पण महाराज पाळीवरून हलले नाहीत. तो हिवाळा भागरतेनं कसा काढला, ते तिचं तिलाच ठाऊक. मोहाची वाळवलेली फुलं उकडून खाल्ली, महाराजांच्या झोळीतलं अर्धं खाल्लं. सासू एकदा कळवळून म्हणाली, त्या ठोंबाचं मूठभर धान शिजव बाई, जीव गेल्यावर पेरून काय करशील? भागरतेनं पुरचुंडी आढ्याला आणखी वर बांधली.

पुढच्या पावसात ते धान बांधीच्या कोपऱ्यात लागलं. पाटलांनी पुन्हा दूरचं नवं बियाणं आणलं. करपा आला. पाटलांचं शिवार वाळलं, भागरतेचा कोपरा हिरवा! त्याच्या पुढच्या साली तिची सगळी बांधी पोपटासारखी, आणि पाटलांच्या कोठीत झाडायलाही दाणा नाही. पेरणी तोंडावर आली, तसे डोमाजी पाटील बोडक्या डोक्यानं पाळीवर आले. अख्खं गाव बघत होतं. म्हणाले, "महाराज, मला बियाणं द्या."

"माझ्याकडे कुठलं रे पाटला? ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे माग."

पाटील महाराजांच्या पायांवर वाकले, आणि महाराज चटकन बाजूला सरले. मागे भागरता उभी होती, हातात धानानं भरलेलं सूप. पाटलांचं डोकं तिच्या पायांवर टेकलं. कळलं त्यांना. तरी त्यांनी डोकं उचललं नाही. खांदे गदगदत होते. भागरतेनं सूप खाली ठेवलं, पाटलांचा शेला ओढून घेतला आणि त्यात धान ओतलं.

"उठा जी पाटील," ती म्हणाली, "पेरणीचा वेळ जाते."