सहा पाटांची पंगत

मेघदुर्गच्या दरबारात त्र्यंबकशास्त्री आले ते सहा पदव्या मिरवतच. त्यांची अट अशी, की गणितात जो हरेल त्यानं जिंकणाऱ्याचा मेणा खांद्यावर घ्यायचा. सामना दरबारच्या जोशीबुवांशी, आणि ते सत्तरीचे. त्यांची लेक सगुणा त्यांच्या शेजारी येऊन बसली.

शास्त्रीबुवांनी पाटीवर १४२८५७ लिहिलं आणि म्हणाले, "सहापटीपर्यंत काहीही विचारा!"

"दुप्पट?" महाराजांनी विचारलं.

"२८५७१४!"

"तिप्पट?"

"४२८५७१!"

सहापटीपर्यंत उत्तरं अशीच धडाधड आली. दरबार थक्क. जोशीबुवा तर मेणा उचलायला उपरणं कमरेला गुंडाळू लागले.

पाटीकडे बघत सगुणा मात्र खुदकन हसली. "महाराज, ही गोल पंगत आहे. पाहुणे तेच सहा, क्रमही तोच. शास्त्रीबुवा दर वेळी पहिला पाट फक्त दुसऱ्याला देतात. त्यांना सातपट विचारा ना!"

शास्त्रीबुवांची घोकंपट्टी सहाला संपली होती. शेवटी सगुणानंच पाटीवर गुणाकार मांडला: ९९९९९९.

"बघा!" शास्त्रीबुवा सावरून गरजले. "सगळे नऊ! सहा अंकांत याहून मोठं कुणी नाही. माझी संख्या अगदी माझ्यासारखी!"

"अगदी तुमच्यासारखी," सगुणा म्हणाली. "बाहेरून नुसता एक येऊन मिळाला, की सहाच्या सहा नवांची शून्यं होतात."

त्या दिवशी जोशीबुवा मेण्यातून घरी गेले. पुढचा दांडा कुणाच्या खांद्यावर होता, ते मेघदुर्गात अजून हसत हसत सांगतात.