पितळी तोफेखालचं कापड

"उस्ताद, तुमचा तो पितळी बिल्ला मला द्याल?"

केरबा भोइट्यांना ते ऐकूच गेलं नाही. त्यांचा उजवा कान तोफेनं कधीच खाल्ला होता आणि आनंदा नेमका त्याच बाजूला बसला होता. त्यांच्या हाताखाली तोफ शिकत होता तेव्हा ही चूक त्याच्या हातून झाली नसती. तो ओशाळून डावीकडं आला आणि पुन्हा तेच विचारलं.

"कशाला?"

"मीबी उस्ताद झालो. म्हैना झाला."

गोऱ्यांचं राज्य जाऊन सहा वर्षं झाली होती. तोफ शिकवणाऱ्यांना आता दोऱ्यानं विणलेला बिल्ला मिळायचा. केरबांचा होता गोऱ्यांच्या वेळचा. दंडावर तीन फिती आणि त्यांच्या वर बोटभर लांबीची पितळी तोफ. चिंच आणि राख लावून ती घासायची पाळी आली, की आनंदा हळूच ती आपल्या दंडावर धरून बघायचा. किती सुखाचे दिवस होते ते!

"दोऱ्याच्या बिल्ल्याला वजन न्हाई, उस्ताद. पोरं बोलंनात माझ्याशी."

"कधीपास्नं?"

आनंदानं मान खाली घातली. "पंधरा दिवस झालं…"

"काय झालं हुतं?"

"एक जवान म्हनला, उस्ताद, उजवं चाक खचलंय, नेम पुन्हा धरूया. मी म्हनलं, दंडावर काय हाय दिसतंय का?"

"मग?"

"तसाच बार काढला. गोळा आपल्याच टेहळणीच्या खंदकाजवळ पडला. आत दोघं होते. वाचले…"

खंदकातून मातीनं माखून बाहेर आलेले ते दोन चेहरे आनंदाच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. त्या दिवसापासून तुकडी सांगितलं तेवढं करायची, 'होय उस्ताद' म्हणायची आणि गप्प बसायची. उद्या पुन्हा चाक खचलं, तर कोणी सांगणार नव्हतं. त्या गप्प बसण्याची त्याला मनापासून भीती वाटत होती.

केरबा उठले आणि खुंटीवरचा जुना खाकी कोट घेऊन आले. उन्हापावसानं त्याचा रंग पार उडाला होता. बाहीवर मात्र ती तोफ तश्शीच झळकत होती. आनंदाला भरून आलं.

"पार लखलखतीय अजून…"

केरबांनी मागची पिन काढली आणि बिल्ला आनंदाच्या तळहातावर ठेवला. इतक्या सहज मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्यानं मूठ मिटली.

"बस झालं? का अजून काय पायजे?"

"न्हाई, उस्ताद."

"मग हितं बोट ठेव."

केरबांनी बाही पुढं केली. बिल्ला निघालेल्या जागी तोफेच्या आकाराचा एक गडद ठसा होता. तेवढ्या कापडावर ऊन पडलं नव्हतं, घाम नाही, माती नाही. दुकानातून कालच आणल्यासारखं होतं ते.

आनंदानं बोट टेकवलं. मग त्याची मूठ आपोआप उघडली.

"हे असं का राहिलं, उस्ताद?"

केरबांनी उडालेल्या रंगाच्या बाहीवरून हात फिरवला.

"सोळा वर्सं आक्खा कोट उन्हात शिकला. बिल्ल्याखालचं एवढंच कापड शिकायचं राहिलं."