कृपासदनची मातीची भिंत

शेलवडीच्या टेकडीवर कृपासदन विद्यापीठ आहे. फाटकातून आत आले की आधी विज्ञान शाखेची नवी इमारत लागते, मग ग्रंथालय, मग मुलींचे वसतिगृह. या सगळ्यांच्या मागे, टेकडीच्या अगदी कडेला, जुने दालन उभे आहे. सकाळी तिथे प्रार्थना होते, दिवसभर वर्ग भरतात आणि पदवीदानही तिथेच होते. दालनाच्या तीन भिंती काळ्या घडीव दगडाच्या आहेत. चौथी, पश्चिमेकडची, मात्र मातीची. ती इतकी जाड आहे की खिडकीच्या कोनाड्यात दोन माणसे ऐसपैस मांडी घालून बसतील.

पाहुण्यांना ही भिंत दाखवण्याचे काम अहरोनकाका पारखे यांच्याकडे असते. काका इथल्या ख्रिस्ती मंडळीतले वडीलधारे. कुणी ना कुणी त्यांना विचारतेच, "काका, एवढं मोठं विद्यापीठ, मग ही एकच भिंत अशी का राहिली?"

काका हातातली काठी भिंतीला टेकवून ठेवतात. म्हणतात, "आम्ही ती राखलीय. बसा, सांगतो."

ते सांगतात ते असे.

फार वर्षांपूर्वी या टेकडीवर कुसळांशिवाय काही नव्हते. त्या काळी हन्नाबाई वाघचौरे नावाची एक बाई इथे राहायला आली. तिचा नवरा गावोगाव फिरून सुवार्ता सांगणारा प्रचारक होता. तो तापाने गेला. हन्नाबाई मूळच्या अशाच एका गावच्या वेशीबाहेरच्या वस्तीतल्या. नवऱ्याने त्यांना वाचायला शिकवले होते. तो गेल्यावर, जे आपल्याला मिळाले ते दुसऱ्याला द्यायचे, एवढे एकच त्यांनी मनाशी धरले. लिंबाच्या झाडाखाली त्यांनी शाळा सुरू केली. गावातली मुले आली, वेशीबाहेरची आली, धनगरांची आली. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, हन्नाबाईंनी कुणाला परत पाठवले नाही. सकाळी प्रार्थना, मग अक्षरे, मग दुपारची भाकरी, असा तिथला दिवस.

पुढे परदेशातल्या मिशनकडून मदत येऊ लागली आणि दालनाचे काम निघाले. पाथरवट आले, दगड घडू लागले. तीन भिंती उभ्या राहिल्या. तेवढ्यात तिकडे समुद्रापार मोठे युद्ध पेटले आणि मदत थांबली. पाथरवटांनी काही दिवस वाट पाहिली. त्यांनाही पोटे होती. छिन्नी-हातोडे बांधून ते दुसऱ्या कामावर निघून गेले. दालन तीन भिंतींचे, बिनछपराचे, तसेच उघडे राहिले. त्या साली धान्यही महाग झाले. वर राहणाऱ्या मुलांना एकवेळच भाकरी मिळू लागली. काही आईबाप येऊन मुलांना घरी घेऊन गेले.

अशा वेळी नरसिंगराव देशमुखांचा निरोप आला. देशमुख म्हणजे पंचक्रोशीतले सर्वांत मोठे घर. माणूस भला होता. त्यांची धाकटी लेक हन्नाबाईंकडूनच वाचायला शिकली होती आणि त्याचे त्यांना फार कौतुक होते. त्यांनी हन्नाबाईंना सदरेवर बसायला घोंगडी दिली आणि म्हणाले, "बाई, तुमची चौथी भिंत मी दगडाची बांधून देतो. वर कौलं घालून देतो. शिवाय ओढ्याकाठचं माझं बागायत रान शाळेच्या नावानं करतो. पिढ्यान् पिढ्या त्यावर शाळा चालेल. कुणापुढं हात पसरायला नको."

हन्नाबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. त्या काही बोलणार, तोच देशमुख चाचरत पुढे म्हणाले, "एक तेवढं करा. दालनात मधे एक आडभिंत घाला. छातीएवढी पुरे. वेशीबाहेरची पोरं तिच्या मागं बसतील, त्यांचं दारही मागून ठेवा. मी स्वतः काही मानत नाही, पण आमच्या भाऊबंदांची मुलं वर यायची तर थोडं सांभाळून घ्यावं लागेल."

विचार करते, एवढेच म्हणून हन्नाबाई टेकडीवर आल्या.

वर पाळकसाहेब शमुवेल निर्मळ वाट पाहत होते. मंडळीचे पाळक या नात्याने शाळेची काळजी त्यांनाही होतीच. सगळे ऐकून ते म्हणाले, "हन्नाबाई, हे देवानंच धाडलंय. आज आडभिंत घालू, उद्या दिवस बदलले की काढू. पोरं उपाशी राहिली, पांगली, तर मग कुणाला शिकवणार?"

हन्नाबाईंना ते पटले. असे सांगतात की त्यांनी मनातल्या मनात होकार देऊनही टाकला होता. फक्त एवढेच ठरवले, की आधी वस्तीत जाऊन आईबापांना सांगायचे. ते चिडतील, शिव्या देतील, त्या ऐकून घ्यायच्या, आणि मग देशमुखांकडे जायचे.

दुसऱ्या दिवशी त्या वेशीबाहेरच्या वस्तीत उतरल्या. गोदा अवचार दारात बसून ज्वारी पाखडत होती. तिची सखू शाळेतली हुशार मुलगी. हन्नाबाईंनी खाली मान घालून तिला आडभिंतीचे सगळे सांगितले.

गोदाने सूप बाजूला ठेवले. "माघं म्हंजी, दालनातच ना?"

"दालनातच."

"वर छप्पर ऱ्हाईल?"

"राहील."

"मग लई झालं की, बाई!" गोदाचा चेहरा उजळला. "सखूचं कान तिखट हायती. भिंतीआडनं बी ऐकंल ती. तुमी बगाच." ती लगबगीने आत गेली, गुळाचा खडा घेऊन आली आणि तिने तो हन्नाबाईंच्या हातावर ठेवला. "चांगली बातमी आणलीसा. त्वांड गोड करा."

हन्नाबाईंनी तो खडा तोंडात घातला. गोदा भांडली असती तर त्यांना सोपे गेले असते. त्या तिथेच उंबऱ्यावर बसल्या. आपण लहानपणी अशाच एका दारात सुपापाशी खेळत होतो हे त्यांना आठवले, आणि आता आपल्या पायात वहाणा आहेत, डोळ्यांवर चष्मा आहे, हेही दिसले. गोदाने एवढ्यावर समाधान मानले, याहून कमी दिले असते तरी मानले असते. आणि आपण देवाचे नाव घेऊन तिला तेवढेच द्यायला आलो आहोत. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

वस्तीतून त्या तशाच देशमुखांकडे गेल्या.

"दादासाहेब, ती आडभिंत मला घालता यायची नाही."

देशमुखांना नवल वाटले. "का? वस्तीतली माणसं नको म्हणाली?"

"हो म्हणाली. म्हणूनच माझ्यानं घालवत नाही." हन्नाबाई म्हणाल्या. "माझ्या प्रभूनं पंगतीत कधी कुणाला मागं बसवलं नाही. त्याच्या नावानं बांधलेल्या घरात मी कशी बसवू?"

"मग छप्पर कुठून आणणार?"

"ते मला ठाऊक नाही."

देशमुख रागावले नाहीत, पण दुखावले. ते उठून आत गेले, आणि बागायत रानाचा विषय तिथेच संपला.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर हन्नाबाई त्या उघड्या दालनात सगळ्यांपुढे उभ्या राहिल्या. मिशनची मदत का थांबली, कोठीत धान्य किती उरले, देशमुख काय देत होते आणि आपण का घेतले नाही, सगळे त्यांनी जसेच्या तसे सांगितले. वस्तीत जाऊन आपण काय कबूल करून घेतले होते, तेही लपवले नाही. पाळकसाहेबांनी तोंड फिरवले होते. प्रार्थना म्हणून माणसे खाली उतरली.

सोमवारी उन्हे चढायच्या आत गोदा टेकडीवर आली. तिच्या डोक्यावर मातीने भरलेली पाटी होती. खालचे तळे आटले होते, त्यातली चिकणमाती होती ती. जिथे चौथी भिंत यायची तिथे तिने पाटी रिकामी केली.

"गोदा, हे काय?" हन्नाबाईंनी विचारले.

"आमची घरं बी मातीचीच हायती, बाई. पडत्यात व्हय?" असे म्हणून ती पुन्हा उतरणीला लागली.

तिच्यामागून वस्तीतल्या आणखी बाया आल्या. दुपारपर्यंत धनगरवाड्यातल्या आल्या. कुणी भुसा आणला, कुणी शेण. मुलांनी पाणी ओढले. चिखल तुडवायला माणूस कमी पडतोय असे दिसल्यावर पाळकसाहेब निर्मळ झाडाखालून उठले, त्यांनी धोतर खोचले आणि एकही शब्द न बोलता चिखलात उतरले. एक थर घालायचा, तो सुकू द्यायचा, मग त्यावर दुसरा, अशी भिंत वर येऊ लागली. मजुरी कुणी मागितली नाही. दुपारी सगळे एकाच पंगतीला बसत. भाकरी थोडी असे, तिचेच तुकडे वाटून घेत.

भिंत माणसाच्या डोक्यावर गेली आणि मग वैशाखातले वादळ आले. दुपारी आभाळ एकदम काळवंडले, वारा सुटला, गारा पडू लागल्या. भिंत अजून ओली होती आणि वर छप्पर नव्हते. दोन घटका असा मार बसला असता तर तिचा चिखल होऊन उतारावरून वाहून गेला असता. हन्नाबाईंनी आपले दुसरे लुगडे आणून भिंतीवर टाकले, पण तेवढ्याने काय होणार? तेवढ्यात खालून बाया धावत आल्या. येताना त्यांनी घरातल्या गोधड्या, घोंगड्या, पोती, जे हाताला लागले ते आणले होते. ते सगळे त्यांनी भिंतीवर पांघरले आणि वाऱ्याने उडू नये म्हणून भिंतीला पाठ लावून, हातात हात घालून त्या उभ्या राहिल्या. हन्नाबाई त्यांच्यात होत्या. गोदा त्यांच्या शेजारी होती. गारा तोंडावर बसत होत्या, आणि पाळकसाहेब मोठ्या आवाजात स्तोत्र गात होते.

जुनी माणसे सांगतात, की त्या दिवशी पाऊस टेकडीच्या चारी अंगांनी कोसळला, पण भिंतीच्या माथ्यावर एक थेंब पडला नाही. मोठा चमत्कार झाला म्हणे. काही म्हाताऱ्या मात्र वेगळेच सांगत. पडला की, सगळा आमच्या डोक्या-तोंडांवर पडला, असे म्हणून त्या हसत.

वादळ ओसरले तेव्हा भिंत उभी होती. फक्त एक कोपरा ढासळला होता. गोधड्या काढल्यावर ओल्या मातीत बायांच्या पाठींचे ठसे उमटलेले दिसले.

सकाळी देशमुख टेकडीवर आले. त्यांनी आपल्या माडीवरून सगळे पाहिले होते. ते भिंतीपुढे येऊन उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "हन्नाबाई, कौलं मी घालतो. रानही देतो. अट काही नाही. आणखी काय देऊ?"

हन्नाबाई म्हणाल्या, "त्या कोपऱ्याला एक पाटी माती लागेल."

देशमुखांनी गड्याला हाक मारायला तोंड उघडले आणि मिटले. कामाला लागलेल्या बायांचे हात जागच्या जागी थांबले. देशमुख स्वतः तळ्यात उतरले. तिथे त्यांनी पाटी भरली, पण ती डोक्यावर घ्यायची कशी ते त्यांना कळेना. फेटा त्यांनी काढून ठेवला होता आणि पाटीचा काठ टाळूला रुतत होता. जवळच गोदा उभी होती. तिच्या डोक्यावर कापडाची चुंबळ होती, घामाने आणि चिखलाने भिजलेली. तिची सावलीसुद्धा देशमुखांच्या घरात चालत नसे. गोदा नुसती बघत राहिली. पुढे व्हायचा तिला धीर झाला नाही.

देशमुखांनीच हात पुढे केला. "दे ती चुंबळ," ते म्हणाले. आणि मग, जरा थांबून, "आई, ती नीट ठेवायची कशी ते दाखव."

गोदाने ती चुंबळ त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि पाटी चढवायला हात लावला. देशमुख ती घेऊन टेकडी चढले. चढावर त्यांना दम लागला, चिखलाचे ओघळ कपाळावरून खाली आले, पण वाटेत त्यांनी पाटी उतरवली नाही. ढासळलेल्या कोपऱ्यात त्यांनी आपल्या हाताने माती थापली. हन्नाबाई तोंडावर पदर घेऊन रडत होत्या.

त्याच वर्षी दालनावर कौले चढली. सखू तिथे पुढच्या रांगेत बसून शिकली आणि पुढे तिथेच शिक्षिका झाली. शाळेचे हायस्कूल झाले, हायस्कूलचे कॉलेज, कॉलेजचे विद्यापीठ. ओढ्याकाठच्या रानाचे उत्पन्न अजून वसतिगृहाच्या जेवणाला जाते.

तेव्हापासून इथे रीत पडली, ती अशी. कृपासदनला ज्याला काही द्यायचे असेल, त्याने आधी तळ्यातून पाटीभर माती स्वतःच्या डोक्यावर वाहून आणायची आणि पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून लावायची. मगच देणगी घेतली जाते. नाव कुठे कोरले जात नाही. मध्यंतरी एका मोठ्या कंपनीचे साहेब आले होते. त्यांनी विचारले, पाटी ड्रायव्हरने आणली तर चालेल का? कुलगुरूंनी त्यांना चहा पाजला, फाटकापर्यंत पोचवले आणि देणगी मात्र घेतली नाही. ज्यांना फी परवडत नाही त्या मुलांचे आईबापही पाटी घेऊन येतात. त्यांची नावे इतर दात्यांच्या बरोबरीनेच वाचली जातात, कारण कोठीत काय आहे आणि ते कुठून आले, हे दरसाल भिंतीपुढे उभे राहून सगळ्यांना सांगण्याची प्रथाही हन्नाबाईंपासूनचीच आहे.

आजही उन्हाळा संपत आला की तळ्याकडून वर येणारी पायवाट चिखलाने माखते. भिंत दरसाल थोडी बाहेर सरकते. तिच्या कडेचा रस्ता विद्यापीठाने दोनदा खाली हलवला, आता तिसऱ्यांदा हलवायचे चालले आहे. उताराच्या पायथ्याशी गोदाची वस्ती आहे. तिथली माणसे संध्याकाळी दारात बसून वर बघतात आणि म्हणतात, ही अशीच वाढत राहिली तर एक दिवस आपल्या घरांना येऊन टेकेल.