‘समजलं नाही’ म्हणणारी अध्यक्ष

एकदा एक विद्यार्थिनी नाशिक जिल्ह्यातल्या सटाण्याहून पुण्याजवळच्या एका आंतरराष्ट्रीय विद्यापीठात शिकायला आली. तिचे नाव हर्षाली भामरे. बारावीपर्यंतचे तिचे सारे शिक्षण मराठीत झालेले. येथे मात्र देशोदेशींची मुले एकत्र बसत आणि पाण्याची वाटणी, स्थलांतर, युद्धे, वाढते तापमान असे जगाचे प्रश्न इंग्रजीतून अभ्यासत. पुस्तकातले हर्षालीला समजे. वर्गात चर्चा सुरू झाली की मात्र तिचे वाक्य मनात जुळून येईपर्यंत विषय पुढे गेलेला असे. हळूहळू तिने बोलणेच सोडले.

पहिले वर्ष संपत आले तेव्हा ती आपल्या आचार्यांकडे गेली. हे वृद्ध गृहस्थ मूळचे मराठीच. नदीच्या पाण्यावरून भांडणाऱ्या देशांमध्ये समेट घडवण्यात त्यांचे उमेदीचे आयुष्य गेले होते, आणि आता उतारवयात ते मुलांना शिकवत.

“सर, मी नाशिकला परत जाते म्हणते,” हर्षाली म्हणाली. “तिथे मराठीतून बी. ए. करीन. इथे ज्याला फडाफडा बोलता येतं त्याचंच चालतं. मी नुसती बसून असते.”

आचार्यांनी तिचे शांतपणे ऐकून घेतले. तिची समजूत काढली नाही, की तिला अडवलेही नाही. “सोमवारी नदीची परिषद आहे,” एवढेच ते म्हणाले. “ती होऊ दे. मग ठरवू.”

ही परिषद म्हणजे वर्षातली सर्वांत अवघड परीक्षा. एका काल्पनिक नदीकाठच्या देशांचे प्रतिनिधी होऊन मुलांनी पाणीवाटपाचा करार करायचा. सर्वांच्या सह्या झाल्या तर वर्ग उत्तीर्ण. एकही सही अडली तर साऱ्यांना पुन्हा परीक्षा. अध्यक्षाच्या खुर्चीत नेहमी उत्तम वक्ता बसे, म्हणून यंदा ती दिल्लीच्या इशानला मिळणार हे सर्वांनी गृहीत धरले होते.

सोमवारी आचार्यांनी नाव घेतले ते हर्षालीचे.

वर्गात कुजबुज झाली. इशानने तर उघडच विचारले, “सर, आमचा निकाल हिच्या हातात?” आचार्यांनी होकारार्थी मान हलवली आणि ते मागच्या बाकावर जाऊन बसले. आपली शोभा करायची होती तर सरळ जा म्हणायचे होते, असे हर्षालीला वाटले. ती खुर्चीत बसली खरी, पण मान वर करवेना.

वरच्या देशाची बाजू इथिओपियाहून आलेला तेस्फाये मांडत होता. त्याला धरण बांधायचे होते. खालच्या देशासाठी बांगलादेशची नुसरत बोलत होती. दोघांचेही इंग्रजी पाण्यासारखे वाहते. तरी दुपार झाली आणि कराराची पहिली ओळसुद्धा ठरली नाही.

“तुम्हांला नदीवर कंट्रोल हवा आहे,” नुसरत म्हणाली, “आणि तो आम्ही कधीच मान्य करणार नाही.”

“कंट्रोल नसेल तर आमच्या लोकांना नदीचा उपयोग काय?” तेस्फाये म्हणाला. “मग चर्चाच थांबवू.”

नुसरत कागद आवरू लागली. साऱ्यांच्या नजरा अध्यक्षाकडे वळल्या. “मतदान घेऊन टाक,” मधल्या देशाच्या जागेवरून इशान हळूच म्हणाला. हर्षालीने आचार्यांकडे पाहिले. ते स्वस्थ बसून होते. तिला काहीच सुचेना, तेव्हा जे खरे होते तेच ती अडखळत बोलली.

“मला समजलं नाही. आमच्या गावी कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. इथे त्याचा अर्थ काय? नुसरत, तू कंट्रोल म्हणतेस तेव्हा तुझ्या डोळ्यांसमोर काय येतं?”

मागे कोणीतरी हसले. नुसरत हसली नाही. तिने हातातले कागद खाली ठेवले.

“पूर,” ती म्हणाली. “वरून पाणी येतंय हे आम्हांला कोणी कळवलं नव्हतं. माझ्या मामाचं घर त्यातच गेलं. दावणीची गुरं सोडायलाही वेळ मिळाला नाही.”

हर्षाली तेस्फायेकडे वळली. “आणि तुझ्या?”

“माझी आई,” तो म्हणाला. “पाऊस संपला की ती पाण्यासाठी उन्हातान्हात पायपीट करते. मला ते पाणी धरून ठेवायचं आहे. कुणाला बुडवायचं नाही.”

“म्हणजे याला पाणी साठवायचं आहे,” हर्षालीने सावकाश, साध्या शब्दांत जुळवले, “आणि तुला पाणी सोडण्याआधी निरोप हवा आहे. मी बरोबर समजले का?”

“हो,” नुसरत म्हणाली. “धरण नको असं मी म्हटलंच नव्हतं.”

तेस्फाये तिच्याकडे बघत राहिला. “मी सकाळपासून ‘धरण नको’ असंच ऐकत होतो,” तो म्हणाला.

वाद तेवढ्याने मिटला नाही. उन्हाळ्यातल्या पाण्याच्या वाट्यावरून पुन्हा ताणले गेले आणि दोघांनाही थोडे थोडे सोडावे लागले. पण आता हर्षाली प्रत्येक अवघड शब्दाशी थांबे, त्याचा अर्थ विचारी, आणि उत्तर आपल्या शब्दांत परत सांगून पाही. संध्याकाळ होण्याआधी सगळ्यांच्या सह्या झाल्या. शेवटची सही इशानची होती. “मी मतदान घेतलं असतं,” तो तिला म्हणाला, “आणि आपण सगळे बुडालो असतो.”

वर्ग रिकामा झाल्यावर हर्षालीने आचार्यांना विचारले, “सर, माझं इंग्रजी कच्चं आहे हे माहीत असून तुम्ही मला तिथे बसवलंत?”

“माहीत होतं म्हणूनच बसवलं,” ते म्हणाले. “ज्याला भाषा सहज येते, त्याला समोरच्याचं वाक्य संपण्याआधीच अर्थ लागतो. बहुतेक वेळा तो अर्थ त्याचा स्वतःचाच असतो. मी मोठमोठ्या परिषदांत बसलो, बाळ. सारे उत्तम बोलत आणि एकमेकांना न ऐकताच उठून जात. भाषा एक असली म्हणजे अर्थ एक होतो असं नाही. मध्ये कोणीतरी थांबून विचारणारं लागतं. तुला थांबावंच लागतं.”

“मग मी इंग्रजी सुधारायला नको?”

“सुधार की. भरपूर सुधार. एवढ्या देशांच्या माणसांशी बोलायचं तर ते हवंच. फक्त ते चांगलं यायला लागलं की विचारणं सोडू नकोस. अवघड काम ते आहे.”

नाशिकचा विषय हर्षालीनेही काढला नाही आणि त्यांनीही नाही. ती बाहेर आली तेव्हा पायऱ्यांवर नुसरत आणि तेस्फाये चहा पीत बसले होते आणि पुन्हा कशावरून तरी वाद घालत होते. जवळ जाताना तिला नुसरतचे शब्द ऐकू आले, “थांब, तुला नेमकं काय म्हणायचंय ते आधी सांग.” हर्षाली त्यांच्या शेजारी जाऊन बसली, आणि त्या दिवशी प्रथमच वाक्य जुळायची वाट न पाहता बोलू लागली.

जगाचे प्रश्न समजून घ्यायला निघालेल्याने ‘मला समजलं नाही’ हे वाक्य सर्वांत आधी शिकावे.