मोरेनिकेचा निळा रांजण

ऐका, ऐका! तुमच्या पणजोबांचे पणजोबाही जन्मले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. योरुबा लोकांच्या मुलखात इलुआरो नावाचं गाव होतं. तिथे सेनापतीला बालोगुन म्हणत. राजा ज्याच्या टोपीत अकोकोच्या झाडाचं हिरवं पान खोवील, तो बालोगुन. पान नाही तर रणनगारा नाही, आणि नगारा नाही तर एकही भाला उचलायचा नाही. शिवाय हरलेल्या बालोगुनने पुन्हा वेशीत पाऊल ठेवायचं नाही, असा तिथला रिवाज.

म्हातारा बालोगुन वारला आणि नेमके त्याच आठवड्यात पाचशे घोडेस्वार गावाखाली ओढ्याकाठी येऊन ठेपले! राजाने पान पुढे केलं. उजव्या फळीच्या सरदाराला ओतुन म्हणत, त्याचा गुडघा एकदम दुखू लागला. डाव्या फळीचा तो ओसी, त्याला खोकल्याची उबळ आली. एरवी दोघांची बडबड काय विचारता!

तेवढ्यात मोरेनिके नावाची रंगारीण पुढे आली. हात कोपरापर्यंत निळे. तिने पान उचललं आणि डोक्याच्या फडक्यात खोवलं.

"बाई, हरलीस तर गाव तुटेल तुला," राजा म्हणाला.

"महाराज, हरले तर गावच उरणार नाही. नगारा तयार ठेवा!"

ती धावली ती थेट आपल्या अंगणात. तिथे निळीचा रांजण होता. आजीच्या आजीने लावलेली ती नीळ, विरजणासारखी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली. मोरेनिके ढसाढसा रडली आणि मुसळाने पहिला तोच फोडला. मग काय! साऱ्या रंगारणींनी मिळून तीनशे रांजण फोडले. नीळ उतारावरून वाहत खाली गेली, ओढा निळा झाला, वरून उडणारे बगळेसुद्धा निळे झाले, असं म्हणतात. भर उन्हाळा, आसपास दुसरं पाणी नाही. घोडे ओढ्याला तोंड लावीनात. फुरफुरले, उधळले आणि स्वारांना पाडून पाण्याच्या शोधात पार डोंगरापल्याड गेले! नगारा धडाडला, वेस उघडली, आणि पायी उरलेला शत्रू जो पळाला तो पळालाच. ओतुनचा गुडघाही त्याच दिवशी बरा झाला.

गावात नीळ मात्र थेंबभर उरली नाही. मोरेनिकेने नव्या रांजणात साधं पाणी भरलं, आपले दोन्ही हात बुडवले आणि पाणी निळं झालं, असं म्हणतात.

तो रांजण इलुआरोत आजही आहे. नव्या बालोगुनला आधी त्यात हात बुडवावे लागतात. मग सगळ्यांत म्हातारी रंगारीण विचारते, "तू तुझं काय फोडशील?" उत्तर पटलं तरच ती टोपलीतलं पान राजाच्या हाती देते. एकदा एक गडी छाती काढून म्हणाला, "शत्रूचं डोकं!"

"ते तुझं नव्हे, बाळा," म्हातारी म्हणाली आणि तिने पान परत टोपलीत ठेवलं.