रंगूची दवंडी

सरका रे जरा, सगळ्यांना वाकळ पुरली पाहिजे. हं. ऐका आता.

एकदा काय झालं, एका डोंगराच्या पायथ्याशी एक राज्य होतं. राज्य बेताचं, राजाही बेताचाच. पण त्याचा हुकूम निघाला की म्हादबा हलगी वाजवत गावोगाव दवंडी द्यायचा, 'ऐका हो ऐका, राजाचा हुकूम ऐका!' दवंडी राजाच्याच नावानं द्यायची, बरं का. दुसऱ्या कुणाच्या नावानं दिली तर राज्याबाहेर काढायचे.

या म्हादबाला एकच लेक, रंगू. पोरीला आई नव्हती आणि आवाज एवढासा. मुंगीला हाक मारली तर मुंगीसुद्धा वळून बघायची नाही. मग एका वर्षी म्हादबाचा घसा बसला, तो बसलाच. काढे झाले, लेप झाले, काही उपयोग नाही. लोक म्हणायला लागले, 'आता दवंडी कोण देणार? ही?' आणि हसायचे मेले. रंगू बोलायचीच बंद झाली.

शेजारी धोंडाई म्हणून एक म्हातारी राहायची. रंगू तिला रोज ताक नेऊन द्यायची. एक दिवस म्हातारी म्हणाली, 'गावात काय चाललंय, सांग की.' रंगूनं सांगितलं. 'काय? कान गेले गं माझे, पुन्हा सांग.' रंगूनं पुन्हा सांगितलं. असं पाचदा सांगितलं, तेव्हा कुठं म्हातारीनं मान हलवली आणि तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

मग रोजचंच झालं ते. पहिल्या वर्षी म्हातारी उंबऱ्यात बसायची. दुसऱ्या वर्षी गोठ्यामागं बसायला लागली. 'तिथूनच सांग, माझे हात शेणाचे आहेत.' तिसऱ्या वर्षी तर ओढ्याच्या पलीकडे जाऊन बसली. रंगू अलीकडून ओरडायची, 'धोंडाई, पाटलांची म्हैस व्याली!' तो डोंगर होता जादूचा, पण भारी आळशी. नीट ऐकू आल्याशिवाय उत्तर द्यायचा नाही. त्या दिवशी पहिल्यांदा बोलला, 'व्याली का? बरं झालं.'

आता तुम्हाला म्हणून सांगते, म्हातारीचे कान चांगले शाबूत होते. स्वयंपाकघरात मांजर शिरलं तर अंगणात कळायचं तिला. रंगूला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं.

मग काय झालं, श्रावणात एका सकाळी रंगू डोंगरावर लाकडं आणायला गेली. बघते तर वरच्या तळ्याचा बांध चिरलेला. डोंगर म्हणाला, 'पोरी, दुपारपर्यंत धरून ठेवतो. पुढं माझ्यानं धरवणार नाही.' आणि खाली तीन गावं, बरं का. माणसं, गुरं, पाळण्यातली पोरं.

रंगू धावत घरी आली, खुंटीवरची हलगी घेतली आणि मधल्या टेकावर जाऊन उभी राहिली. पण घाईत चुकली. हलगी आधी जाळावर शेकायची असते. कातडं तापून ताणलं की मग ती बोलते. रंगूनं शेकलीच नाही. ओलसर हवेत कातडं सैल पडलेलं, वाजवली तर नुसती भद्द भद्द. एक दार उघडलं नाही. आता घरी जाऊन जाळ करायला वेळ कुठला? पोरीला रडू कोसळलं.

मग तिनं डोळे पुसले आणि हलगी खाली ठेवली. मनाशी धरलं, ओढ्यापलीकडे धोंडाई बसलीय आणि तिला ऐकू जात नाहीय. आणि ओरडली, 'बांध फुटतोय! वर चला!'

पहिलं गाव बाहेर आलं. पुन्हा ओरडली, दुसरं आलं. तिसरं गाव नदीपलीकडे, फार लांब. तिथं काही पोचेना. तेव्हा डोंगर म्हणाला, 'त्यांना मी सांगतो,' आणि तिचाच आवाज त्यानं नदीपार नेऊन टाकला. सगळी उंचावर चढली, कोंबड्यासुद्धा. मग तळं फुटलं. घरं वाहून गेली, पण माणूस एकही गेला नाही.

राजा स्वतः चालत आला. म्हणाला, 'माग पोरी, काय हवं ते.'

रंगू म्हणाली, 'महाराज, मला एक दवंडी द्यायची आहे. तुमच्या नावाची नाही.'

सगळे राजाकडे बघायला लागले. राजानं मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, 'दे.'

म्हादबानं जाळ केला आणि स्वतःच्या हातानं हलगी शेकून दिली. अशी कडाडली, बरं का! मग रंगू म्हणाली, 'ऐका हो ऐका! आज तुम्ही वाचलात, ते या आवाजानं. पण हा माझ्या एकटीचा नाही. सगळे मला हसत होते, तेव्हा धोंडाई रोज मला विचारत होती. तीन वर्षं बहिऱ्या कानांनी तिनं माझं सगळं ऐकून घेतलं. तिचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत.'

म्हातारी तिच्या शेजारीच उभी होती. पदरानं डोळे पुसत म्हणाली, 'अगं, हळू बोल. मी काय बहिरी आहे?'

रंगू तिच्याकडे बघतच राहिली. मग हसायला लागली, हसता हसता रडली, आणि म्हातारीच्या गळ्यात पडली.

मग उंचावर नवी घरं झाली. सगळी त्यांत सुखानं राहिली, पाटलांची म्हैसही राहिली. तुम्हीही आता सुखानं झोपा. मिटा डोळे.