धुक्यातली हाक

फार पूर्वी, ढगांना अजून आभाळात राहायची सवय लागली नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका डोंगराच्या खांद्यावर धुकेवाडी नावाचं गाव होतं. दुपार झाली की ढग खाली उतरत, गल्लीबोळांतून फिरत, कुणाच्या अंगणात वाळत घातलेल्या पापडांवर जाऊन बसत. कुणी हुसकावलं की मुकाट्याने शेजारच्या अंगणात जात.

या गावाला फुटबॉलचं भारी वेड. सामना दुपारीच व्हायचा, म्हणजे अगदी ढगांत. सगळं गाव टेकाडावर बसायचं. दिसायचं काहीच नाही, पण घरी एक माणूस थांबेल तर शपथ! दोन्ही गोलांना पितळी घंटा टांगलेल्या होत्या, एकाच साच्यातल्या. चेंडू जाळ्यात गेला की घंटा वाजे. मग ढगातून लांबलचक हाक येई, "होऽऽऽ हो!" हाक आली म्हणजे गोल आपला, नाही आली म्हणजे समोरच्यांचा.

ही हाक देणारा खेळाडू जरा वयस्कर होता, पोट सुटलेला. त्याला सगळे हाकाऱ्या म्हणत. जन्मात त्याने एक गोल केला नव्हता. मैदानाच्या मधोमध उभा राहून तो आपल्या गड्यांना सांगत राही, "डावीकडे ये... थांब... आता मार!" हे हळू बोलणं टेकाडापर्यंत पोचत नसे. ते ऐकायचा एकच माणूस, गावचा बातमीदार. तो मैदानाच्या कडेला रेघेजवळ मांडी घालून बसे आणि संध्याकाळी चावडीपुढच्या काळ्या फळ्यावर खडूने सामन्याची हकिगत लिही.

वर्षातून एकदा गावं आपसांत खेळाडूंची अदलाबदल करत. त्या वर्षी धुकेवाडीच्या कारभाऱ्याने हाकाऱ्या खडकवाडीला दिला आणि त्याच्या बदल्यात वाऱ्यासारखे पळणारे दोन गडी आणले. एकाला दोन! गाव आनंदाने वेडं झालं.

बातमीदाराने मात्र फळ्यावर लिहिलं: "पाय चार आले, पण ज्याच्या आवाजावर आपण धुक्यात चालत होतो तो गेला. ही अदलाबदल आपल्याला महागात पडणार."

झालं! गावाला करमणूकच मिळाली. गावचा शिंपी संघाचे झेंडे शिवायचा आणि टिंगल करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. संघाला दृष्ट लागू नये म्हणून त्याने फळ्याला लिंबू-मिरच्या बांधल्या. बातमीदार दिसला की लोक सुरात म्हणू लागले:

"फळेवाले, फळेवाले, नाक किती मुरडाल?
घागर आली गावात तर तोंड कुठे लपवाल?"

घागर म्हणजे तांब्याची घागर, जिंकणाऱ्या गावाला मिळायची ती. आणि यंदा अदलाबदलीनंतरचा पहिलाच सामना घागरीचा होता, तोही खडकवाडीशी.

"फळेवाले, पैज लावता का?" शिंप्याने चारचौघांत विचारलं. "आपण जिंकलो तर फळा आमचा. पुन्हा खडू हातात धरायचा नाही."

बातमीदाराचं तोंड उतरलं. लिहिण्यावाचून त्याला दुसरं काही येत नव्हतं. पण तो म्हणाला, "लावली. आणि देव करो, मीच हरो."

हे तो मनापासून म्हणाला होता. पण ऐकणाऱ्यांना तोही विनोदच वाटला.

सामन्याच्या दिवशी ढग असे दाट उतरले की माणसाला आपलाच हात दिसेना. शिंप्याने फळा उचलून टेकाडावर आणला. बातमीदार रेघेजवळ बसला. कुठूनतरी धावणारे पाय ऐकू आले, मग दोन डोकी आपटल्याचा आवाज आला. तेवढ्यात घंटा वाजली.

आणि ढगातून हाक आली, "होऽऽऽ हो!"

टेकाड नाचू लागलं. बातमीदारही उठून टाळ्या वाजवू लागला. मग त्याचे हात थांबले. हाक ओळखीची होती, पण ती देणारा आता आपला कुठे राहिला होता?

तो धापा टाकत टेकाड चढला. "अरे, नाचताय काय? हाकाऱ्या आता त्यांच्याकडून खेळतोय. गोल आपल्यावर झालाय!"

"बघा, बघा!" शिंपी हसला. "पैज हरायला लागले, तर गोलसुद्धा खडकवाडीला देऊन मोकळे!"

आणखी तीन घंटा वाजल्या. आणखी तीन हाका आल्या. चौथ्या हाकेला लोक फळा जमिनीवर टाकून त्यावरच नाचले आणि फळा मधोमध फुटला. बातमीदाराच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात वारा सुटला. ढग उठले आणि आपापल्या वाटेने निघाले. सगळ्या गावाला सामना चालू असताना मैदान पहिल्यांदाच लख्ख दिसलं. धुकेवाडीच्याच गोलाची घंटा अजून झुलत होती. वाऱ्यासारखे पळणारे दोघे समोरासमोर बसून कपाळावरची टेंगळं चोळत होते. आणि खडकवाडीच्या लाल सदऱ्यात हाकाऱ्या उभा होता.

तो टेकाडाजवळ आला, हात जोडून म्हणाला, "माफ करा मंडळी. इतक्या वर्षांची सवय. हाक देताना तोंड तुमच्याकडेच वळलं."



संध्याकाळी लोक चावडीपुढे माना खाली घालून जमले. आता फळेवाले आपली सालटी काढणार, असं सगळे धरूनच चालले होते. बातमीदाराने फुटक्या फळ्याचा मोठा तुकडा भिंतीला टेकवला आणि लिहिलं:

"चार गोल खाल्ले. चारही वेळा आपण नाचलो. पहिल्या वेळी मीही."

शिंप्याने ते मोठ्याने वाचलं. "तुम्ही ओरडून सांगत होतात," तो म्हणाला, "आणि आम्ही तुमच्याच फळ्यावर नाचत होतो."

दुसऱ्या दिवशी त्याने सुताराकडून फळ्याला पट्ट्या मारून घेतल्या आणि लिंबू-मिरच्या स्वतःच्या हाताने काढल्या. हाकाऱ्या काही लगेच परत आला नाही. दिलेला गडी वर्षभर तिकडेच राहायचा, असा नियम होता. धुकेवाडीने ते वर्ष कसंबसं काढलं. पण पुढच्या सामन्याला टेकाड रिकामं होतं. सगळं गाव रेघेजवळ बातमीदाराशेजारी मांडी घालून बसलं होतं. दिसत अजूनही काही नव्हतं, म्हणून सगळे गप्प बसून ऐकत होते.

तात्पर्य एवढंच, मुलांनो आणि मोठ्यांनो: आपलं हरणं ज्याच्या जिवाला लागतं, तोच आपली चूक आधी सांगतो, त्याची टर उडवल्याने चूक उडून जात नाही.